मुरल्यावर बघू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लिंबाचं लोणचं. शेवटचं आहे हे आधी कळलं असतं तर भांडलो नसतो, असं पुष्कळ माणसं म्हणतात. मी भांडलोच असतो. मीठ कमी होतं.

जानेवारीतला रविवार होता. बाहेर साउथहॅम्प्टनचा नेहमीचा पाऊस, आडवा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुकट येणारा पेपर पसरून त्यावर लिंबं मांडली होती. माझं काम पुसायचं. हिने उभ्या जन्मात मला फोडणीला हात लावू दिला नाही, पण पुसायचं काम माझ्याकडे, कारण मी आधी बोटीवर आणि मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत आयुष्य काढलं. ही म्हणायची, तुमचं पहिलं लग्न टॉवेलशी झालं, माझ्याशी दुसरं. पाण्याचा थेंब राहिला तर लोणचं नासतं. म्हणून मी एकेक लिंबू पुसून द्यायचं आणि हिने चिरायचं.

"अहो, देठाकडे पुसा. पाणी तिथेच बसतं."

"पुसलंय."

"मग हे काय, तीर्थ?"

परत पुसलं. फोडी झाल्या, तिखट झालं, साखर झाली. मग मीठ. मीठ ही मुठीने घालते. पण आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, नर्सने माझं बीपी बघून तोंड वाकडं केलं होतं, तेव्हापासून घरातल्या सगळ्या मुठी अर्ध्या झाल्या होत्या. आमटी म्हणजे गरम पाणी. मी ते सोसत होतो. पण लोणच्यात?

"आणखी एक मूठ घाल."

"नको."

"अगं नासेल."

"नाही नासत. साखर आहे, रस आहे."

"माझी आई दुप्पट घालायची."

"तुमच्या आईला बीपी नव्हतं."

"होतं. मोजायला कोणी नव्हतं."

ही हसली, पण मूठ काही सोडली नाही. मिठाचा डबा उचलला आणि फळीवर ठेवून दिला, माझा हात पोचणार नाही अशा जागी. माझा खांदा वर जात नाही हे हिला पक्कं माहीत. "मुरल्यावर बघू," म्हणाली. "मग बोला काय बोलायचं ते."

लोणचं भरलं ते कॉफीच्या रिकाम्या बरणीत. छोटीच. मोठी केली तर तुम्ही बरणी बघून खाता, म्हणे. तोंडाला पांढरं फडकं बांधलं, वरून झाकण, आणि बरणी गेली एअरिंग कबर्डात. आमच्याकडे गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात टॉवेल सुकवतात. इथे लोणच्याला ऊन कुठून आणणार? टॉवेलांच्या मध्ये बसून ते मुरायचं.

"उघडायची नाही," हिने बजावलं. "उन्हाळ्यात तळ्यावर जाऊ तेव्हा तिथेच उघडायची."

तळ्यावर म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या ट्रिपला. वर्षातून एकदा मंडळ कोच, म्हणजे मोठी बस, करून लेक डिस्ट्रिक्टला जातं. एक रात्र हॉस्टेलात, दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचे, तळी बघायची, रात्री परत. गेल्या वर्षी आम्ही दोघं गेलो होतो. तिथे जेवताना कोणीतरी दुकानातलं लोणचं काढलं. हिने एक फोड तोंडात घातली आणि मला हळूच म्हणाली, "ह्यांना कोणी खायला घातलं नाही वाटतं कधी." मग मोठ्याने सगळ्यांना, "पुढच्या वर्षी मी आणते." हे मी विसरलो होतो. मला वाटलं होतं, तळ्यावर जाऊ म्हणजे आम्ही दोघं.

त्याच आठवड्यात ही गेली. सकाळी, जिन्यात. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही.

दिवस झाले. मुलगी स्टॅनमोरहून येऊन राहिली होती. तिला टॉवेल काढताना बरणी सापडली. "बाबा, ही लोणचं कधीची आहे? उघडू?" मी एवढ्या जोराने नाही म्हणालो की तिच्या हातून टॉवेल पडले. मुलगी इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण बोलताना लिंबाची बी चावल्यासारखं तोंड करते. तिला काय सांगणार की आमचं भांडण अजून संपलेलं नाही? मीठ कमी होतं की बरोबर होतं, ते ठरायचं होतं. ठरवायची जागापण हिनेच सांगून ठेवली होती. मग ठीक आहे. तळ्यावर बसायचं, एक फोड हिच्या नावाने काढून ठेवायची, एक आपण खायची आणि काय ते बोलून टाकायचं. एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

जूनमध्ये मुलीचा फोन. "बाबा, आईने दोघांची नाव दिली होती. तू जा. मी बूट ऑर्डर केली तुझ्यासाठी."

"बूट आहेत मला."

"ती जुनी झाली."

"मीपण."

पण गेलो. बुटांसाठी नाही, बरणीसाठी.

आता मंडळाबद्दल. मंडळात डॉक्टर फार. वाईट नाहीत माणसं. पण बायको मेलेल्या म्हाताऱ्याला ही माणसं ज्या तऱ्हेने बघतात ती तऱ्हा मला सोसत नाही. कोचमध्ये चढलो तर हात धरायला तीन जण. सीटवर बसलो तर कोणी उशी देतंय. "काका, जपून." "काका, पाणी पीत राहा." "काका, काकू वरून बघतायत हं." वरून? ती कोचमध्ये कधी वर बघायची नाही, मान दुखायची तिची. आमच्या सेक्रेटरी बाईंनी तर सगळ्यांसमोर माईकवर माझं स्वागत केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल? बायको मेली याबद्दल?

मी खिडकीकडे तोंड केलं. बरणी टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवली होती, पिशवी मांडीवर. पूर्ण मोटरवे मांडीवर.

सकाळी हॉस्टेलातून निघालो तेव्हा ऊन पडलं होतं. इंग्लंडात ऊन पडलं की लोक वेड्यासारखे वागतात आणि आपले लोक त्यांच्यापेक्षा जास्त. सगळ्यांनी टोप्या, चष्मे, दोन दोन काठ्या, तोंडाला पांढरं क्रीम. एकाने तर मनगटावर असलं घड्याळ बांधलं होतं की ते त्याला दर थोड्या वेळाने शाबासकी देत होतं. मेंढ्या कुंपणाच्या सावलीला बसून आमच्याकडे बघत होत्या. कुंपण म्हणजे नुसते दगडावर दगड, मध्ये चुना नाही, माती नाही. हे मला आवडतं. ते डोंगरपण चांगले आहेत. डोंगरांबद्दल माझी तक्रार नाही.

वाट ओढ्याच्या कडेने वर जाते. दगड लावलेत पायऱ्यांसारखे, पण कोणत्या राक्षसाच्या मापाने लावलेत कोण जाणे. एक पायरी गुडघ्याएवढी, पुढची वीतभर. गेल्या वर्षी हीच वाट होती. तेव्हा ही पुढे आणि मी मागे. दर वळणाला थांबून म्हणायची, "आलात का?" आणि मी नाही म्हणायचो. या वर्षी कोणी विचारत नव्हतं असं नाही, सगळे विचारत होते. तोच प्रश्न, पण राग येत होता.

पहिलं तळं आलं. डोंगराच्या कुशीत वाटीसारखं, पाणी काळंभोर, वर ढगांची सावली. इकडे छोट्या तळ्याला टार्न म्हणतात. फोटो सुरू झाले. मला मध्ये उभं केलं. "काका, स्माइल!" मी नाही केलं. तो फोटो ग्रुपवर आहे, बघा. सगळे दात काढतायत आणि मध्ये मी, पोलिसात पकडून आणल्यासारखा.

तिथून वर खिंड. खिंडीतून पलीकडे उतरलं की दुसरं तळं, तिथे जेवण. चढ उभा होता आणि वाटेवर बारीक खडी. माझा पाय सरकला. गुडघा दगडावर आपटला, फार नाही, थोडं खरचटलं. पण झालं! चारही बाजूंनी डॉक्टर. एवढे डॉक्टर माझ्या बायकोच्या वेळेला असते तर. एकजण नाडी बघतोय, एकजणी पट्टी काढतेय. मला गुडघ्याचं काही नव्हतं. मी पिशवीत हात घालून बरणी चाचपत होतो. शाबूत होती.

"काका, बॅग द्या इकडे." हा साउथहॅम्प्टनच्याच हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर, पुण्याचा, उंच, पाय हरणासारखे. "नाही म्हणायचं नाही."

"नाही."

"अहो काका, बॅलन्स जातो त्याने. बापरे, काय दगड भरलेत का?"

"बरणी आहे आत. काचेची."

"मग तर द्याच. पुन्हा पडलात तर?"

हे मात्र मला पटलं. माझा पाय आणखी दोनदा सरकला असता, त्याचा सरकणार नव्हता. मी पिशवी दिली. "आपटू नकोस," म्हणालो. "अजिबात नाही," म्हणाला आणि टणाटण उड्या मारत वर गेला. आमची सेक्रेटरी, जोशातली माणसं, सगळी त्याच्याबरोबर पुढे. मागे राहिलो मी आणि डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाई म्हणजे रिटायर झालेल्या, बाळंतपणाच्या. माझ्याच वयाच्या, दोन्ही गुडघे स्टीलचे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मंडळात मला 'काका' न म्हणणारी एवढी एकच बाई. भाऊ म्हणतात.

"भाऊ, तुम्ही पडल्यामुळे माझी सोय झाली," म्हणाल्या. "नाहीतर मी एकटीच मागे. सगळे मला इन्स्पिरेशन म्हणतात आणि सोडून जातात."

आम्ही बसत उठत चढलो. बसलो की त्या खिशातून खारे दाणे काढायच्या, मला द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हाला चालत नाहीत ना हे?" मी खायचो. खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा की टोपी हातात घ्यावी लागली. तिथे दगडांचा ढीग आहे, येणारा जाणारा त्यावर एक दगड ठेवतो. मी ठेवला नाही. कंटाळा आला होता.

खाली दुसरं तळं दिसलं, पहिल्यापेक्षा लहान आणि निळं. काठावर आमच्या लोकांची जाकिटं पसरलेली, लाल, पिवळी.

"जेवण झालं वाटतं यांचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबतील."

"हे? अहो, हे लोक लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबत नाहीत."

उतरायला वेळ लागला. उतार चढापेक्षा वाईट. वरून मला दिसत होतं की मध्ये चादर पसरलीय आणि तिच्यावर डबेच डबे. आपली अंगतपंगत. आपल्या लोकांना स्वतःचा डबा स्वतः खाता येत नाही. सगळ्यांचे डबे मध्ये ओतायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. मला आधी ते आठवायला हवं होतं. पण मी पिशवी काच वाचवायला दिली होती. डबा म्हणून दिलीच नव्हती.

"या या काका, या मॅडम!" सेक्रेटरी बाई उठून आल्या. "तुमची पानं झाकून ठेवलीत." कागदी ताटलीत तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, कोणाचा तरी ढोकळा. "आणि काकूंचं लोणचं! काय सांगू तुम्हाला! दोन मिनिटांत फडशा."

"कुठलं लोणचं?"

"तुमच्या बॅगेतलं. ज्याने बॅग आणली तो म्हणाला काकांनी बरणी आणलीय, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. काकू गेल्या वर्षी इथेच बसून म्हणाल्या होत्या ना, पुढच्या वर्षी माझं खा? मी सगळ्यांना सांगितलं, बघा, काकूंनी शब्द पाळला. आधी आम्ही एक मिनिट शांत बसलो त्यांच्यासाठी. मग उघडलं." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी.

रागवायची सोयच ठेवली नव्हती. हिने खरंच तसं म्हटलं होतं. ते तेव्हा मला आठवलं, तिथे उभं राहून. लोणचं ह्यांच्यासाठीच होतं. ह्यांनी खाल्लं, प्रेमाने खाल्लं, हिचं नाव घेऊन खाल्लं. सगळं कसं बरोबर झालं होतं आणि मला एकेकाला उचलून तळ्यात टाकावंसं वाटत होतं.

"बरणी कुठाय?" मी विचारलं.

"तो गेलाय ना भांडी धुवायला. इतका गुणी आहे..."

तळ्याच्या काठावर तो पुण्याचा डॉक्टर उकिडवा बसला होता, बाह्या वर करून. शेजारी डब्यांची रांग. एक धुऊन उपडा घालायचा, दुसरा घ्यायचा. आणि आता त्याच्या हातात कॉफीची बरणी होती.

मी धावलो. माझ्या वयाला धावणं म्हणतात ते काय असतं ते सांगत नाही. "ए गाढवा!" ओरडलो. "ठेव! ठेव ती खाली! पाण्याला लावू नकोस!" पलीकडच्या काठाला एक गोरं जोडपं कुत्रा घेऊन बसलं होतं, तो कुत्रा भुंकायला लागला. पोराने मान वर केली. बरणीचं तोंड पाण्यापासून चार बोटांवर होतं. तो तसाच गोठला.

मी त्याच्या हातातून बरणी ओढून घेतली. बाहेरून ओली झाली होती त्याच्या हाताने. आत पाणी नव्हतं. मी शर्टाच्या टोकाने पुसली. आधी बाहेरून, मग काठ, मग झाकणाच्या आट्यांमध्ये पाणी बसतं तिथे. फोड एकही राहिली नव्हती. नुसता खार, बुडाला थोडा आणि काचेला लागलेला लाल मसाला. वर चमचा फिरवल्याच्या रेघा.

"सॉरी काका," तो म्हणाला. "मला वाटलं खरकटी कशाला न्यायची."

सगळे गोळा झाले होते. मी विचारलं, "मीठ कसं होतं?"

"काय?"

"लोणच्यात. मीठ कसं होतं?"

"मस्त होतं काका."

"मस्त नको सांगू. मीठ. कमी होतं, जास्त होतं, काय होतं?"

"परफेक्ट होतं," एकजण म्हणाला. "अमेझिंग," दुसरी म्हणाली. "एकदम बॅलन्स्ड." सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "काकूंच्या हाताची चवच वेगळी." मी ओरडलो होतो म्हणून सगळे मला चांगलं चांगलं सांगत होते. एवढ्या माणसांनी बरणी संपवली आणि एकाला मीठ सांगता येईना! मी त्या पोराकडे वळलो. "तू सांग. खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "काका, मी खाल्लंच नाही. मला ॲसिडिटी आहे."

डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या, त्या फस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही.

बोट घालून चाटून बघता आलं असतं. मनात आलं होतं. पण सगळे बघत होते, हातात फोन होते, आणि मी बरणी चाटतोय असा फोटो ग्रुपवर जायला नको होता. शिवाय आधी हिचा घास काढायचा होता, तो कुठून काढणार? मी झाकण घट्ट लावलं, टॉवेलात गुंडाळली आणि पिशवी पाठीवर घेतली. कोणी द्या म्हणालं नाही.

जेवलो नाही म्हणायला नको, पुरी खाल्ली. मीठ बरोबर होतं पुरीत.

पुढे आणखी एक खिंड होती. ऊन उतरलं होतं, समोरच्या कड्यावरून पाण्याची बारीक धार पडत होती आणि वारा तिला खाली पोचू देत नव्हता. गेल्या वर्षी ही तिथे उभी राहून म्हणाली होती, ह्या पाण्याचं नक्की ठरत नाहीये. यावर्षीपण ठरलेलं नव्हतं. तो तरुण डॉक्टर आमच्या मागे मागे चालत होता. मी पडलो तर धरायला असेल. त्याचापण राग येत होता आणि तो जवळ आहे ते बरंही वाटत होतं. हे दोन्ही एकदम झालं की माणसाला चालता येत नाही नीट.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिठाची काय भानगड?"

मी सांगितलं. मूठ, डबा, फळी, सगळं.

"आणि आता समजा, कमीच निघालं. मग काय करणार? तिच्याशी भांडणार?"

"हो."

"बरं आहे बाई तुमचं," म्हणाल्या. "आमच्याकडे सगळी भांडणं मिटवून गेले. माझी बोलायची पंचाईत."

खिंड उतरून खालच्या दरीत आलो तेव्हा कोच दिसला. कोचमध्ये पुन्हा माईक. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, सगळ्यांची मागणी आहे, काकांनी लोणच्याची रेसिपी ग्रुपवर टाकावी. टाळ्या. रेसिपी! मला लिंबं पुसता येतात. देठाकडे पुसा, पाणी तिथेच बसतं. टाका ग्रुपवर.

पुण्याच्या डॉक्टरने घराच्या दारापर्यंत सोडलं. "काका, गुडघा सुजला तर फोन करा," म्हणाला. मी हो म्हणालो. मग त्याला म्हणालो, "गाढव म्हणालो ते मनावर घेऊ नकोस."

"नाही काका. माझे बाबा याच्यापेक्षा वाईट बोलतात."

"मग ठीक आहे."

बरणी टेबलावर ठेवली आणि झोपलो. झोप लागली, डोंगराने दमवलं होतं.

सकाळी उठलो. चहा केला नाही. आधी कुकर लावला. आमच्याकडे लोणचं संपलं की बरणी लगेच धुवत नाहीत. तिच्यात गरम भात घालायचा आणि हाताने फिरवायचा, काचेचा खार भाताला लागतो. तो भात ही नेहमी मला द्यायची आणि मी खाताना समोर बसायची, कसा झालाय ते विचारायला. शेवटचं म्हणून त्याला चव जास्त असते.

भात वाफाळता होता. बरणीत चार चमचे घातला. माझा हात आत जाईना. ही पातळ हाताची, तिचा जायचा. मी उलथण्याच्या दांड्याने फिरवला, कोपऱ्यातून, खांद्याखालून, लाल लाल झाला. दोन ताटल्या घेतल्या. पहिला घास हिच्या ताटलीत ठेवला. दुसरा मी खाल्ला.

मीठ कमीच होतं.

कमी म्हणजे चांगलं कमी. एक मूठ पाहिजेच होती. मी म्हटलं होतं. मी तिथे टेबलाशी बसून मोठ्याने म्हणालो, "बघ. कमी आहे." मग आणखी एक घास घेतला, हळू चावला, नासल्याचा वास येतो का ते बघत. वास नव्हता. आंबट, गोड, तिखट, सगळं जागेवर, खार छान मुरलेला. सहा महिने टॉवेलात बसूनही नासलं नव्हतं. ते ती म्हणाली होती.

म्हणजे झालं काय, दोघांचंही खरं. म्हणजे भांडण तिथेच.

मिठाचा डबा फळीवर होता, तिने ठेवला होता तिथेच. मुलगी आली तेव्हापण तो कोणी खाली काढला नव्हता. इतके महिने मी आणलेलं मीठ पिशवीतूनच वापरत होतो, ते सिंकजवळ होतं. चिमूटभर घालता आलं असतं.

घातलं नाही. कुकरमधला राहिलेला भात बरणीत घातला आणि पुन्हा फिरवायला लागलो.